आयिया मरीनावरचं तांबं

त्या सकाळी ‘आयिया मरीना’ या जहाजावर एवढं होतं: पोटातल्या मालखणात एकशे चाळीस टन मीठ, झाकणावर न्यायालयाची अखंड मोहोर, मिठात हातभर खोल पुरलेल्या तांब्याच्या सोळा लाद्या. माणूस एकही नाही. आणि केबिनमध्ये संत निकोलसच्या तसबिरीपुढे तेलाचा दिवा.

दिवा जळत होता.

न्यायालयाचा तपासनीस नेन्सू बुहाजार दिव्याकडे बघतच राहिला. नौदलाचा अधिकारी वैतागला. “तांबं सापडलं. आता काय, प्रार्थना करतोस?”

“माणसं कधी उतरवलीत?”

“जहाज माल्टाला ओढून आणलं त्याच दिवशी. अकरा दिवस झाले. तेव्हा मीठ वरवर उकरलं, काही मिळालं नाही. मग तांडेलानं तोंड उघडलं.”

त्या तांडेलाचं, स्टामाटिसचं, म्हणणं सरळ होतं. कागदांवर लिहिलं होतं तसं जहाज सामोस बेटाकडे निघालंच नव्हतं. नौदलाची नाकेबंदी चुकवून ते शत्रूच्या तुर्की किनाऱ्यावर तांबं उतरवणार होतं. हे खरं ठरलं, तर जहाज सरकारजमा. कप्तान पांतेलिसकडे त्या जहाजाखेरीज काहीच नव्हतं.

दोन दिवसांनी न्यायाधीशांपुढे दोघं समोरासमोर उभे राहिले.

“साप पाळला मी,” कप्तान तांडेलाच्या पायाशी थुंकला.

“पगार दिला असतास तर पाळलं म्हणालो असतो.”

नेन्सूनं तांडेलाला विचारलं, “उतरल्यावर जहाजावर परत गेला होतास?”

“नाही.”

“बाकीचे खलाशी?”

“ते कोठडीत. साक्षीदार म्हणून मी एकटा बाहेर.”

“केबिनमधल्या दिव्याचं तेल कुठं असतं?”

“तसबिरीमागच्या कप्प्यात, बुधल्यात.”

“एकदा भरला की किती जळतो?”

“दोन रात्री. फार तर तीन.” तांडेल घाईनं पुढं म्हणाला, “पहारेकऱ्यानं लावला असेल!”

“तो धक्क्यावर होता. शिवाय तो कप्पा शोधायला मला अर्धा तास लागला.” नेन्सू न्यायाधीशांकडे वळला. “केबिनमागची एक फळी सरकते, साहेब. तिथून मालखणात उतरता येतं, मोहोर न तोडता. समुद्राच्या बाजूनं होडी लावून कोणीतरी तसा उतरला. फळीची वाट आणि तेलाची जागा जहाजावरच्याच माणसाला ठाऊक. त्यांच्यातला मोकळा एकच. आणि ओल्या मिठात तांबं चार-सहा दिवसांत हिरवं पडतं. या लाद्या नव्या भांड्यासारख्या लाल आहेत. जहाज इथं आल्यावर त्या पुरल्या.”

कप्तान खदखदून हसला. “खोटं तांबं पुरायला आलास आणि संताला दिवा लावून गेलास! गाढवा!”

“विझलेला दिवा बघून तसाच मागं फिरू?” तांडेल ओरडला. “मी खलाशी आहे. तुझ्यासारखा हरामखोर नाही!”

आपण काय बोलून गेलो ते त्याला उमगलं.

“हो, मीच पुरलं,” तो म्हणाला. “पण तांबं त्याच्याकडे आहे! या आंधळ्यांना मिळेना, म्हणून मी ठेवलं.”

“चोराचं तोंड बघा,” कप्तान म्हणाला.

शिपायांनी तांडेलाला बाहेर नेलं. न्यायाधीशांनी जहाज सोडण्याचा हुकूम लिहायला घेतला.

“सहीआधी एक विनंती, साहेब,” नेन्सू म्हणाला. “मीठ तळापर्यंत उपसून बघू द्या.”

कप्तानाचं हसू मावळलं. “कशाला? लबाड कोण ते ठरलं ना? माझं मीठ उघड्यावर टाकून नासवणार?”

“ताडपत्री घालतो, कप्तान.”

“तू त्या कुत्र्याचं ऐकतोस?”

“त्याचं ऐकत नाही. वर उकरलंय, खाली कोणीच पाहिलेलं नाही, एवढंच.”

न्यायाधीशांनी लेखणी खाली ठेवली.

मीठ उपसायला तीन दिवस लागले. तळाच्या फळ्यांवर तांब्याच्या दोनशे बारा लाद्या निघाल्या. सगळ्या हिरव्या.