हात धरल्यावर चौथ्या मिनिटाला

“एवढा चांगला इको-रिपोर्ट, आणि शेवटी नको म्हणावं लागलं…” शेजारच्या सीटवरचा माणूस फोन खिशात टाकत स्वतःशीच कुरकुरला.

महाडच्या एमआयडीसीतली पाळी संपवून पोलादपूरच्या एसटीत नुकत्याच टेकलेल्या चैत्रालीनं विचारलंच, “कशाला नको म्हणालात?”

“हृदयाला.”

त्याचं नाव गंधार. मुंबईच्या एका इस्पितळात तो अवयवदात्यांची हृदयं तपासायचा. त्यानं पडद्यावर हृदयाच्या भिंती नीट हलतात का ते बघायचं. मग सर्जन धमन्या बोटांनी चाचपणार. कुठं कडक लागली, की नको! ऐकता ऐकता चैत्रालीनं ओढणी गळ्यापर्यंत ओढून घेतली.

त्यानंतर दर शनिवारी गावी येताना तो तिच्यासाठी खिडकी धरून ठेवू लागला. ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं… आणि तिचा संशयही वाढला. भेळेतला कच्चा कांदा ती बाजूला काढते, याकडे त्याचं लक्ष. तिच्या मास्ककडे लक्ष. हा माणूस प्रेमात पडतोय, की तपासणी करतोय?

“विचारलंन तर छोटं ऑपरेशन झालंय म्हण,” आईनं बजावलं होतं. खरं कळल्यावर आधीचं एक स्थळ चहा तसाच टाकून उठलं होतं. तेव्हापासून घरात सगळेच ‘छोटं ऑपरेशन’ म्हणत.

एका रविवारी सकाळी आंबेनळी घाटात दोघं कमळाबाईंच्या टपरीकडे चढत होती. दहा पायऱ्यांतच चैत्राली थांबली.

“काय गो, एवढ्यात दम लागला? जवान हायस ना!” वरून कमळाबाई हसल्या.

टपरीवर टेकतात तोच मोबाइलचा आठचा गजर झाला. चैत्रालीनं पाठ फिरवून गोळ्या घेतल्या. वळली, तर गंधारनं तिचं मनगट धरलं. बोटं बरोबर नाडीवर!

“तपासतोयस ना?”

“हो.”

“मग? हवं, की नको?”

“वाट बघतोय… मी हात धरला, तरी ही नाडी आपली एकाच चालीत. असं बसवलेलं हृदय उशिरा धावतं, चैत्राली. नसा कापलेल्या असतात ना, निरोप रक्तातून जातो. तीन-चार मिनिटं लागतात.”

म्हणजे याला ठाऊक होतं! “कधीपासून?”

“दुसऱ्या शनिवारपासून. तरी खिडकी धरतच होतो की!”

चहावर साय धरली. कुणीच प्यालं नाही. आणि मग… तिच्या छातीत काहीतरी लगबगीनं पळायला लागलं. गंधारचे कान लाल झाले.

“हे माझं नाही, गंधार,” चैत्राली म्हणाली. “कुणाचं तरी माणूस गेलं, म्हणून मी आहे. किती वर्षं, ते डॉक्टरही सांगत नाहीत. पण आत्ता धावतंय ना… ते तुझ्यासाठी.”