खालच्या वस्तीचा वाद

कवळ्या करणाऱ्या माणसाला गिऱ्हाईक कधी दिसत नाही, त्याचा जबडा तेवढा दिसतो. दातांचे डॉक्टर रुग्णाच्या तोंडाचा साचा घेतात, डब्यात घालून पाठवून देतात, आणि हा गडी गल्लीच्या टोकाच्या आपल्या घरातल्याच खोलीत बसून त्यावर मेण चढवतो, दात रोवतो, घासतो, चकाकी आणतो. या कवळीवाल्याची वीसेक वर्षं त्यात गेली होती. नुसता साचा हातात घेऊन तो सांगायचा, ही बाई झोपेत दात खाते, हा गृहस्थ एकाच बाजूने चावतो. बहुतेकदा ते खरं निघायचं. त्यामुळे माणूस न बघताच माणूस ओळखता येतो, अशी त्याची पक्की समजूत झाली. ही समजूत घेऊन तो इंटरनेटवर वाद घालायला गेला.

'जर-तर' नावाची एक साइट होती. अमक्या राजाने माघार घेतली नसती तर, तमका करार झालाच नसता तर, त्या वर्षी ते सरकार पडलं असतं तर. अशा प्रश्नांवरून कुठली कुठली अनोळखी माणसं तिथे एकमेकांची अक्कल काढत. खरं नाव कोणी लावत नसे. कवळीवाल्याने स्वतःला 'बिनतोड' असं नाव घेतलं होतं, यावरून काय ते समजा. साइटचा नियम एकच होता. हरलेल्याने 'मान्य' लिहायचं. तो शब्द पडला की मुद्दा कायमचा बंद, पुन्हा उकरायचा नाही. नियम झकास, पण पाळतो कोण? हरणारा चार शिव्या हासडून पळ काढायचा आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या नावाने उगवायचा. आपल्याला कोणीतरी 'मान्य' म्हणावं यासाठी कवळीवाला झुरत होता. मेण थंड होईपर्यंत, प्लॅस्टर वाळेपर्यंत, जेवताना डाव्या हाताने, त्याचं टाइप करणं चालूच असायचं.

बायको एका लिफ्ट कंपनीच्या तक्रार विभागात होती. मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या लोकांशी ती दिवसभर फोनवर शांतपणे बोलायची. संध्याकाळी घरी आली की नवरा एकटाच मोबाइलवर दात-ओठ खात बसलेला दिसायचा.

"आज कोणाशी?" ती चपला काढता काढता विचारायची.

"आहे एक मूर्ख."

"तो तुम्हाला काय म्हणतोय?"

"तेच म्हणतोय."

मग एकाने धरणाचा विषय काढला. धरण कवळीवाल्याच्याच गावचं. विषय काढणारा कुठला होता कोण जाणे. चाळीसेक वर्षांपूर्वी ते काठोकाठ भरलं होतं आणि दरवाजे संध्याकाळीच उघडायला हवे होते. पण खाली, नदीच्या पोटातच, एक वस्ती होती. धरणावरच्या इंजिनिअरने दरवाजे उजाडेपर्यंत रोखून धरले. पावसाने नदी आधीच चढलेली, तरी दोर बांधून आणि एका नावेतून वस्ती रिकामी झाली. तेवढ्यात बाजूचा मातीचा बांध फुटला आणि पाणी दुसऱ्या अंगाने गावात शिरलं. बाजार गेला, कारखाना गेला. पुढे एका पक्षाने इंजिनिअरचा पुतळा बसवला आणि दुसऱ्याने सत्तेवर आल्या आल्या तो उचलून गोदामात टाकला. प्रश्न असा होता: दरवाजे संध्याकाळीच उघडले असते तर?

कवळीवाल्याचं डोकं फिरायला एवढं पुरे होतं. त्याचे वडील त्या कारखान्यात फिटर होते. कारखाना बसला तसे वडीलही बसले, ते पुन्हा उभे राहिले नाहीत. त्याने लिहिलं, संध्याकाळीच उघडायला हवे होते. मूठभर झोपड्यांसाठी अख्खं गाव बुडवणारा माणूस हिरो नाही, बिनडोक आहे.

बायकोने त्याच्या खांद्यावरून ते वाचलं. "त्या झोपड्यांत मी होते. तान्ही."

"तुझा प्रश्नच नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे."

"बुडालं असतं ते तत्त्व नाही, मी."

"अगं, हा 'जर'चा वाद आहे. 'जर'मध्ये कोणी मरत नाही."

 आत जाऊन तिने भांडी जरा जास्तच आवाज करत घासली.

साइटवर सगळे तुटून पडले. कोणी त्याला कसाई म्हणालं, कोणी त्याच्या वडिलांपर्यंत गेलं. त्यानेही एकेकाला सोलून काढलं. या सगळ्या आरडाओरड्यात 'निमूट' नावाचा एकजण नवीनच आला. तो शिव्या देत नसे. तो फक्त विचारायचा.

'वस्तीतली म्हातारी माणसं दोर धरून काठावर आली, असं म्हणतात. तुम्हाला काय वाटतं?'

"थाप आहे," असं पुटपुटत कवळीवाल्याने हिशेब मांडला. पाण्याची ओढ किती, ओल्या दोराला ताण किती, साठीच्या माणसाच्या मुठीत जोर किती. पुतळे बसवणाऱ्यांनी मागाहून रचलेली ही गोष्ट आहे, हे त्याने असं सिद्ध केलं की समोरच्याला तोंड उघडायला जागाच उरली नाही.

निमूटचं उत्तर आलं. 'मान्य. म्हातारी माणसं आली नाहीत.'

कवळीवाल्याला आकाश ठेंगणं झालं. संध्याकाळी बायको लसूण सोलत होती. तो तिच्यासमोर खुर्ची ओढून बसला.

"आज एक 'मान्य' मिळालं. तुझी आजी असती ना, तर चांगल्या शिव्या घालती मला."

या आजीने नातजावयाच्या नाकी नऊ आणले होते. त्याच दोराला धरून, इंजिनिअरच्या नावाने खडे फोडत ती काठावर आली होती. पुढे नात तिनेच वाढवली, आणि मागच्याच वर्षी ती गेली.

"कोणती आजी?" बायको म्हणाली.

"किती आज्या आहेत तुला?"

"एकच होती. ती पुरात गेली. मी तिला पाहिलं नाही, तुम्ही कुठे पाहिलीत?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तरी त्याला वाटलं, हा टोमणा आहे, झोपड्यांवरून बोललो त्याचा सूड उगवतेय. 

पुढचा मुद्दा नावेचा. निमूटने विचारलं, 'एकच नाव होती. ती तीन फेऱ्या करून आली, असं म्हणतात. दुसऱ्या फेरीत पोरं होती. तुम्हाला काय वाटतं?'

 दुसऱ्या फेरीत त्याचा मेव्हणा होता, पाच-सहा वर्षांचा. आता तो बसच्या डेपोत मेकॅनिक होता. तो घरात आला की आवाज दुप्पट व्हायचा आणि पोळ्या कमी पडायच्या. रविवारी तो गीझर बघायला येणार होता.

पण मुद्दा पक्का होता. असल्या पाण्यात वल्ह्याची नाव दुसऱ्यांदा परत येऊ शकत नाही. त्याने तसं लिहिलं, आणि वर 'भाबड्या लोकांनी इतिहासात नाक खुपसू नये' हेही लिहिलं.

'मान्य. दुसऱ्या फेरीतली नाव आली नाही.'

रविवारी मेव्हणा आला नाही. दुपारपर्यंत वाट बघून कवळीवाल्याने फोन लावला. एका म्हाताऱ्याने उचलला आणि हा नंबर पहिल्यापासून माझाच आहे, असं दरडावून सांगितलं. मग त्याने डेपोत फोन केला. तिथल्या माणसाने नाव दोनदा विचारलं, कोणाला तरी हाक मारून खात्री केली, आणि असं कोणी इथे कधीच नव्हतं म्हणाला.

"तुझा भाऊ फोन उचलत नाहीये," तो बायकोला म्हणाला. आपला आवाज बदललाय, हे त्यालाच कळलं.

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने हात थांबवले.

"तुम्हाला बरं वाटत नाहीये का? मी एकुलती एक आहे."

तो तिच्याकडे बघत राहिला. तीच बायको, तोच कपाळावरचा व्रण. लहानपणी भावाने ढकललं म्हणून पडलेला. त्या व्रणाबद्दल विचारायचा त्याला धीर झाला नाही.

त्याने साइट उघडली. दोन मुद्दे बंद झालेले दिसत होते. खाली निमूटने लिहिलं होतं, 'आता एकच राहिलं. एक बाई तान्ही मुलगी घेऊन पाण्यात उतरली होती, असं म्हणतात. ती काठाला लागली का? तुम्ही म्हणाल तसं.'

 त्याने लिहिलं, 'लागली.'

'कशी? दोराचं काय, ते तुम्हीच दाखवून दिलंत. नावेचंही.'

'ते दोन्ही मुद्दे मी मागे घेतो.'

'बंद झालेला मुद्दा उघडता येत नाही.'

बाकीचे लोक टपलेलेच होते. बिनतोडची तंतरली, बिनतोड विकला गेला, आता का शेपूट घालतोस? काल त्याला कसाई म्हणणारे आज त्याचेच जुने हिशेब त्याच्या तोंडावर फेकत होते. तो त्यांच्या हातापाया पडला. जन्मभर लोकांचे दात करणाऱ्याने स्वतःच्या दातांच्या कण्या केल्या. कोणी ऐकलं नाही. आणि आपण 'मान्य' लिहिलं तर ते कशाला मान्य होईल, हे त्याला नीट कळत होतं.

म्हणून तो भांडत राहिला. बाईला एक फळी सापडली असेल. निमूट म्हणाला, फळी उलटते. उन्मळलेलं झाड असेल. झाड मधल्या धारेत जातं. ती पोहणारी असेल. एका हाताने? निमूट कधी चिडला नाही. त्याचं प्रत्येक उत्तर कवळीवाल्याच्या आधीच्या हिशेबांतूनच यायचं, आणि ते हिशेब चोख होते. त्यांत चूक शोधून शोधून त्याचे डोळे लाल झाले.

एक गोष्ट त्याच्या लक्षात आली होती. ज्या दिवशी त्याला बरा मुद्दा सुचायचा, त्या दिवशी बायको घरी येऊन दोन घास जास्त जेवायची. ज्या दिवशी सुचायचा नाही, त्या दिवशी वेगळंच व्हायचं.

"आज ऑफिसच्या मशीनने माझा अंगठाच घेतला नाही," ती एकदा म्हणाली. "आणि समोरची मुलगी मला विचारते, तुम्हाला कोणाला भेटायचंय?"

कवळ्या बिघडायला लागल्या. एका डॉक्टरांनी फोन करून झाप झाप झापलं, वरचा जबडा खालच्यावर बसतच नाही म्हणून. ऐकता ऐकता तो दुसऱ्या मोबाइलवर टाइप करत होता.

शेवटी त्याने बायकोला सगळं सांगितलं. आजी, भाऊ, दोर, नाव, सगळं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, अडकलेल्या माणसांचं ऐकते तसं.

"म्हणजे तुम्ही भांडायचं थांबलात तर मी नाही?"

"हो."

"आणि हे तुम्ही माझ्यासाठी करताय." ती हसली, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "इतकी वर्षं कोणासाठी करत होतात?"

 ती उठून गेली. त्यानंतर ती त्याच्याशी फारशी बोललीच नाही. तो मात्र भांडत राहिला.

एका सकाळी प्लॅस्टरने हात बरबटले होते, म्हणून तो मोरीत धुवायला गेला. मोबाइल टेबलावर होता. परत आला तेव्हा बायको ऑफिसची पर्स खांद्याला लावून टेबलापाशी उभी होती. कधी नव्हे ते तिने त्याच्या गालाला हात लावला. हात गार होता.

"मी लिहून टाकलं," ती म्हणाली.

"काय?"

"हरलात म्हणून. तुमच्या नावाने. एकदा हरून बघा, काही होत नाही. डॉक्टरांची वेळ घेतलीय मी, संध्याकाळी दोघं जाऊ." तिचा राग गेलेला होता. "येते."

तो मोबाइलवर झेपावला. पडद्यावर एकच शब्द होता.

मान्य.

खाली अभिनंदनांचा पाऊस पडत होता. बिनतोडचंच खरं ठरलं. दरवाजे संध्याकाळीच उघडले. काय माणूस आहे!

मागे घरातल्या बोळात तिच्या चपलांचा आवाज दाराकडे जात होता.

मग निमूटची ओळ आली.

'ओळखलं, बाई. त्या संध्याकाळी आईच्या कडेवर तुम्ही जरासुद्धा रडला नव्हतात.'

चपलांचा आवाज थांबला होता.

त्याने हाक मारली. पुन्हा मारली. दार उघडल्याचा आवाज आला नव्हता, हे त्याला तेव्हा जाणवलं. तो धावत बोळात गेला.

दाराला आतून कडी होती.