चार वाजताचा कॉल

"माझ्या बापानं चार वाजता कॉल केलाच न्हाई, काका. पण तो कॉल मी ह्याच कानांनी ऐकला."

एवढं बोलून पंचशीला खुर्चीच्या कडेला टेकली. शेषेराव मास्तरांनी माठातलं पाणी पुढं केलं. तिनं ते एका दमात पिऊन टाकलं आणि रिकामा पेला हातातच धरून ठेवला.

लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती आणि पावसानं सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली होती. गंजगोलाईच्या मागं, एका जिन्याच्या माथ्यावर, 'ग्यानोबा वाघमारे, खासगी चौकशी' अशी पाटी होती. ग्यानोबांनी मुंबईच्या किनारा केंद्रावर बावीस वर्षं जहाजांचे कॉल घेण्यात घालवली होती. समोरचा बोलू लागला की ते खिडकीबाहेर बघत ऐकत. शेषेराव औशाचे निवृत्त शिक्षक. ग्यानोबांच्या प्रत्येक चौकशीत ते सोबत असत, आणि प्रत्येक वेळी चुकीच्या माणसावर संशय घेत.

"सुरुवातीपासून सांग," ग्यानोबा म्हणाले.

बोरवंडीचा तलाव अर्धा लातुरात, अर्धा नांदेडात. त्यात तळाशी उरलेलं पाणी फक्त तीस गावांना पिण्यापुरतं राखलेलं. कुणी चोरून मोटारी टाकू नयेत म्हणून दोन होड्या गस्त घालत. होडी एकवर शिवमूर्ती, होडी दोनवर पंचशीलेचा बाप भीमा. दोघांकडं वायरलेसचे सेट. किनाऱ्यावरच्या चौकीत मोठा सेट, त्यावर पंचशीला. दर दोन तासांनी होड्यांनी कॉल करायचा: चौकीचं नाव दोनदा, मग आपलं नाव, मग जागा आणि कालव्याच्या दरवाज्याची खबर. कॉल चुकला की दुसऱ्या होडीनं तडक शोधायला निघायचं.

"हा रिवाज तर समुद्रावरचा," ग्यानोबा चमकून म्हणाले. "तुम्हाला कुणी शिकवला?"

"व्यंकटमामांनी. चौकी त्यांच्याच ताब्यात हाय. आधी नेव्हीत होते. मला त्यांनीच भरती केलं, लेकीसारखं शिकवलं."

"व्यंकट? उंच, गोरा, डावखुरा?" शेषेराव उठूनच उभे राहिले. "अहो, औशाच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो! आता काळजी नको, पोरी."

पंचशीलेनं पुढं सांगायला घेतलं.

मंगळवारी चारला होडी दोनचा कॉल आला. 'दरवाज्यापाशी आहे, दरवाजा बंद.' तिनं तो रजिस्टरात लिहिला. सहाला मात्र कॉल आला नाही. शिवमूर्ती निघाला, तर दरवाजा सताड उघडा! कुलूप तोडलेलं. तीन-साडेतीन तास पाणी वाहून कालव्याकाठचे बागायतदार साहेबराव यांच्या मोसंबीच्या बागेत गेलेलं. भीमा दोन कोस अलीकडं, पाण्यातल्या बाभळीच्या खुंटांत होडी अडकवून बसलेला.

"लोक म्हणतात, बाप साहेबरावाला फितूर झाला आन् लेकीनं खोटा कॉल लिहिला. दोघांनाबी घरी बसवलं. आमच्या वस्तीच्या बायांना टँकरच्या रांगेतून हाकलून दिलं, काका. माय घागर घेऊन गेली, ती रिकामीच आली."

ग्यानोबांनी खिडकीवरची नजर काढली. "कॉल ऐकायला कसा होता?"

"शब्द रोजचेच. पण मधी शिट्टी वाजली. बारीक, कानात सुई घातल्यावानी. आवाज ओळखू आला न्हाई. शब्दांवरून बाबाच समजले."

"शिट्टीचं रजिस्टरात लिहिलंस?"

"न्हाई, तिथं निस्ते शब्द लिहायचे असतात."

"कुणाला सांगितलंस?"

"इचारलंच न्हाई कुणी. त्या दिवसापासून व्यंकटमामाबी माझ्याशी बोलले न्हाईत. तुमीच पहिले."

दुसऱ्या दिवशी ग्यानोबा आणि शेषेराव मुखेडच्या एस.टी.नं बोरवंडीला उतरले. भीमा घराच्या ओट्यावर बसला होता. पाहुणे पाहून उठला, पण मान वर केली नाही.

"दोनला कॉल केला तवाच सेट मरायला लागला हुता," तो म्हणाला. "सकाळी चौकीच्या कोठीतून भरलेली म्हणून बॅटरी घेतली, ती निकामी निघाली. मग इंजिनबी बंद पडलं. डबा उपडा केला तर पेट्रोलात निम्मं पाणी. वाऱ्यानं होडी खुंटात घातली."

"मग काय केलं?"

"काय करणार? चारला माझा कॉल गेला न्हाई की शिवमूर्ती येणारच. नेमच हाय तसा. उन्हात वाट बघून राहिलो. चार वाजले, पाच वाजले. कुणीच न्हाई आलं. लई वाईट वाटलं बघा. म्हनलं, माझी लेक तिथं बसलीय, अन् बापाचा कॉल आला न्हाई हे तिला कळंना कसं?"

शिवमूर्ती देगलूरकडचा, बोलण्यात कानडी हेल. तो आपल्या होडीला डांबर लावत होता.

"खोटं बोलवत न्हाई, साहेब. चारला मी पोरीचाच आवाज ऐकलो. 'होडी दोन, मिळालं.' पण भीमाचा आवाज आलाच न्हाई! कुणाला बोलते ही, म्हणून हसलो. पण चौकीला मिळालंय म्हणून शोधायला गेलो न्हाई."

"एरवी भीमाचा कॉल ऐकू येतो?"

"रोज. दरवाज्यापाशी असला तरी साफ येतो."

"हे चौकशीत सांगितलंस?"

"सांगितलो. त्यावरच तर तिला घरी बसवले," तो खाली बघत म्हणाला.

चौकीकडं जाताना शेषेराव हळूच म्हणाले, "वाघमारे, वाईट वाटतं, पण पोरगी न आलेल्या कॉलला उत्तर देत होती. याचा दुसरा अर्थ काय?"

"खोटी नोंद करायला लेखणी पुरते, मास्तर. हवेशी बोलायची गरज काय?"

चौकीच्या दारात व्यंकटरावांनी शेषेरावांना कडकडून मिठी मारली. "शेष्या! चाळीस वर्षांनी!" मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, हसू तेच होतं. चहा आला. शाळेच्या गोष्टी निघाल्या. मास्तरांचे डोळे पाणावले.

"मंगळवारी तुम्ही कुठं होता?" ग्यानोबांनी विचारलं.

"मुखेडला, तहसीलात. सहाच्या गाडीनं आलो, तर इथं बोंबाबोंब." व्यंकटरावांनी उसासा टाकला. "भीमाचं मला माहीत नाही. पण पोरीला दोष देऊ नका. सेटमधून तशी शिट्टी वाजली, तर नेव्हीतल्या माणसालाही आवाज ओळखू यायचा नाही. ती तर पोरच."

शेषेरावांनी ग्यानोबांकडं अभिमानानं पाहिलं. सारं गाव उलटलं तरी हा गडी अजून तिचीच बाजू घेतोय!

ग्यानोबांनी फक्त कोठी पाहायला मागितली. चौकीला लागूनच ती होती, दार मागच्या बाजूनं. मधली दगडी भिंत पत्र्यापर्यंत पोचत नव्हती. वर हातभर फट. बॅटऱ्या इथंच चार्जिंगला लागत, पेट्रोलचे डबे इथंच. किल्ल्या दोन, व्यंकटरावांची आणि पंचशीलेची. फळीवर एक जादा सेट पडला होता, एरियलची काडी मोडलेला.

"तो मेलेला आहे," व्यंकटराव म्हणाले.

फळीवरच्या इतर सामानावर बोटभर धूळ होती. सेटवर नव्हती.

बाहेर चारचे टँकर लागले. त्यांच्या इंजिनांच्या घरघरीत शेजारच्याचं बोलणंही ऐकू येईना.

"रोज याच वेळी?" ग्यानोबांनी ओरडून विचारलं.

"रोज!" व्यंकटरावही ओरडले.

मुक्काम शाळेत पडला. सकाळी ग्यानोबा पहिल्या गाडीनं मुखेडला जाऊन आले. "व्यंकटरावांची तहसीलातली सही बाराच्या आतली आहे," एवढंच म्हणाले. शेषेराव चिडले. "मग काय झालं? माणूस बाजार करतो, जेवतो! त्याच्यावर संशय घेण्याआधी माझ्यावर घ्या!"

ग्यानोबा चौकीकडं चालू लागले.

अकरा वाजता सगळे चौकीत जमले. पाटबंधारे खात्याचे उपअभियंते, व्यंकटराव, भीमा, पंचशीला. शिवमूर्तीला होडी घेऊन तलावाच्या मध्यावर धाडलं होतं.

"पंचशीला, सेटवर बस," ग्यानोबा म्हणाले आणि बाहेर निघून गेले.

मिनिटभरानं सेट खरखरला. "बोरवंडी चौकी, बोरवंडी चौकी, होडी दोन..." पुढचे शब्द एका बारीक, जीवघेण्या शिट्टीत बुडाले. उपअभियंत्यांनी कानांवर हात ठेवले. पंचशीला ताडकन उठली. "हीच! काका, हीच शिट्टी!"

ग्यानोबा जादा सेट हातात घेऊन कोठीकडून परत आले. "मेलेला सेट बरा बोलतो. आता शिवमूर्तीला विचार, त्यानं काय ऐकलं."

पंचशीलेनं कॉल केला. उत्तर आलं, "तुझाच आवाज येतो, पोरी. दुसऱ्या कुणाचा न्हाई."

ग्यानोबा भिंतीला टेकून उभे राहिले.

"दोन सेट जवळजवळ असले की एकाच्या कर्ण्यातला आवाज दुसऱ्याच्या माइकात शिरतो, तो परत कर्ण्यातून निघतो, पुन्हा माइकात जातो. आवाज स्वतःचंच शेपूट धरून गरगरतो आणि शिट्टी वाजते. बंदरावर नवशिके हीच चूक करत. म्हणजे चारचा कॉल दरवाज्यापासून आलाच नव्हता, या भिंतीपलीकडून आला होता. एरियल मोडकं, चारी बाजूंनी दगड. रेडिओची लाट तलावावर पोचलीच नाही. म्हणून शिवमूर्तीला पोरीचं उत्तर ऐकू आलं, कॉल नाही. तो खरं बोलला, आणि त्या खऱ्यावरच ही खोटी ठरली. भिंतीवरून येणारा उघडा आवाज टँकरांच्या घरघरीनं झाकला."

"पण कॉल करायचाच कशाला?" उपअभियंत्यांनी विचारलं.

"चारला कॉल चुकला असता तर शिवमूर्ती निघाला असता आणि दरवाजा सापडला असता. भीमाला मुकं करून भागत नव्हतं, त्याच्या जागी कुणीतरी बोलायला हवं होतं. निकामी बॅटरी, डब्यात पाणी, जादा सेट, सगळं कोठीतलं. किल्ल्या दोन. पंचशीला कॉल घेत होती. तिचं उत्तर शिवमूर्तीनं त्याच वेळी ऐकलं. दोन्हीकडं ती असू शकत नाही."

ग्यानोबांनी जादा सेट टेबलावर ठेवला.

"आणि ती शिट्टी या दोन खोल्यांबाहेर गेलीच नाही. रजिस्टरात ती नाही. पंचशीलेनं आम्हा दोघांशिवाय कुणाला सांगितली नाही. तरी काल एका माणसानं, मी न विचारता, तिचा उल्लेख केला. पोरीची कीव आली म्हणून. व्यंकटराव, सहाच्या गाडीनं आलेल्या माणसानं चारची शिट्टी कुठं ऐकली?"

काल ज्या वाक्यावर शेषेरावांनी मान ताठ केली होती, तेच वाक्य होतं ते.

व्यंकटरावांनी खिशातली कोठीची किल्ली काढून टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "माझी सिंधू साहेबरावांच्या घरात दिलीय. बाग जळायला लागली. ते म्हणाले, पाणी सोड, नाहीतर लेक घेऊन जा. दोन वर्षांत एकदा धड बोलले नाहीत तिच्याशी. मी काय करणार होतो? लेकीसाठी..."

"आन् मी कोण हुते, मामा?" पंचशीलेचा आवाज चढला नाही. "बाबा तिकडं उन्हात वाळत हुते, आन् तुमी त्यांच्या नावानं मला सांगत हुता, सगळं ठीक हाय म्हणून. मी 'मिळालं' म्हनले. तुमीच शिकवल्यापरमानं."

भीमानं लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. उपअभियंते जबाबाचे कागद काढू लागले.

"शेष्या," व्यंकटराव पुटपुटले, "सिंधूला तू सांग. पोलिसांकडून कळायला नको."

शेषेरावांना त्या माणसाकडं बघवेना. पण ते गेले. साहेबरावांचा मळा तिथून अर्ध्या कोसावर. भोवतीचं रान करपून काळं पडलेलं, आणि मधोमध मोसंबीची झाडं हिरवीगार, बुडाशी अजून ओल. सिंधू गोठ्यात शेण भरत होती. अंगानं वाळलेली, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. मास्तरांनी तिला सगळं सांगितलं, काही न लपवता.

तिनं हात धुतले नाहीत, ती रडलीही नाही. शेणाची पाटी खाली ठेवून ती बागेकडं वळली.

"मास्तर," ती म्हणाली, "बाबांनी मला एकदा इचारायचं हुतं. 'लेक घेऊन जा' म्हनले तवा त्यांनी निस्ती गाडी आनली असती ना, तर मी चप्पल न घालता पळत आले असते."