अकरा बाटल्यांचं गाऱ्हाणं

वात जरा मोठी करा. भीती म्हणून नव्हे. मला तुमची तोंडं दिसायला हवीत. दाजी कंपाउंडर थापा मारतो असं गावात म्हणतात, आणि ते खरंच आहे. खाडीतल्या कुर्लीच्या मोडक्या नांगीला मी प्लास्टर घातलं असं एकदा सांगितलं, तर देवगडहून दोन माणसं ती कुर्ली बघायला आली होती. पण या गोष्टीत मी पदरचं काही घालत नाही. घालायला जागाच नाही.

एकसष्ट साल. आमचे डॉक्टर हरिश्चंद्र तेरसे तेव्हा अडुसष्ट वर्षांचे. खाडीकाठी दवाखाना, पुढे पडवी, पडवीत एक लांब बाक. पस्तीस वर्षं त्यांनी नाड्या बघितल्या, त्यातली बावीस मी मिक्श्चर ढवळलं. एके दिवशी त्यांनी मला सुई धरलेला हात दाखवला. झावळी हलावी तसा हलत होता.

"दाजी, माझ्या हातून कोण जायच्या आधी मी जातंय. पुढच्या पाडव्याक माझा काम बंद."

चांगलं वर्ष हातात ठेवून माणसाने सगळं आखलं. दारावर पाटी लावली. लेकीला कोल्हापूरला कळवलं. कसालचा एक तरणा डॉक्टर आपल्या मागे दवाखान्यात बसायला कबूल करून घेतला. आणि मला काम दिलं, ज्याची त्याची बाटली घरी पोचवायची.

तेव्हा औषधाची बाटली रोग्याने घरून आणायची. मी मिक्श्चर भरायचो आणि कागदाची पट्टी कापून वर डकवायचो. एक खाच म्हणजे एक डोस. कायमच्या रोग्यांच्या बाटल्या आमच्याच फळीवर असत. माणूस बरा झाला की बाटली धुऊन पडवीच्या कठड्यावर पालथी ठेवायचा. तोंडाने सांगायला नको, आम्ही समजायचो.

बाटल्या वाटता वाटता अकरा उरल्या. औषध चालू असताना जे गेले, त्यांच्या. पहिली घेऊन मी कृष्णाबाईच्या घरी गेलो. ही मासळी विकणारी बाई दोन वर्षांपूर्वी खोकत खोकत गेलेली. तिची सून सुगंधा दारात बांगडे साफ करत होती.

"दाजीनू, ती बाटली माका नको."

"अगो, तेल घालूक होईत."

"म्हातारेन ती पालथी घातल्यान नाय. तिचा औषध अजून उरला हा. तिका होया तेव्हा ती येतली दवाखान्यात." मग सुरी थांबवून म्हणाली, "आणि डॉक्टर गेल्यार ती कोणाकडे जातली, सांगा बघू?"

अकरा घरं, अकरा नकार. डॉक्टर ऐकून पोट धरून हसले. मला तेवढंच हवं होतं. डॉक्टरांची जरा गंमत करावी म्हणून मी अकराही बाटल्यांत तांबड्या रंगाचं पाणी भरलं, नव्या पट्ट्या डकवल्या, बुचं घट्ट बसवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक बाटली एकेका खाचेने उतरली होती.

उंदीर म्हणावं, तर उंदीर प्यायल्यावर बूच परत लावत नाही. तिसऱ्या दिवशी आणखी एक खाच. तिनीसांजेला पडवीतला रिकामा बाक करकरू लागला. दवाखान्यातल्या कार्बोलिकच्या वासात सुक्या बांगड्यांचा वास मिसळू लागला. मग खोकला... दोन आखूड, एक लांब. कृष्णाबाईचा तो खोकला मी सहा वर्षं ऐकलेला होता.

पाडव्याला पंधरा दिवस असताना कसालचा डॉक्टर जागा बघायला आला. ऐटीत खुर्चीवर बसला. दिवेलागणीला त्याने मला हळूच बोलावलं.

"बाहेर अजून किती पेशंट आहेत?"

"एकही नाही."

"मग... खोकतंय कोण?"

त्याने धावत शेवटची एस.टी. पकडली. स्टेथास्कोप मात्र इथेच राहिला. चार दिवसांनी पत्र आलं, मला जमणार नाही. गावाला वाटलं, डॉक्टर आता राहणार. मलाही वाटलं, आणि खरं सांगतो, बरं वाटलं.

डॉक्टरांनी पत्र वाचलं आणि टेबलावर मूठ आपटली.

"मी रवान आणि ह्या हातान जित्यांक मारू? मेलेल्यांच्या हट्टापायी? दाजी, गाऱ्हाणा घाल!"

"देवळात?"

"हयसरच. अडवणारे हयसरच बसले हत."

आता गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे एकाने मागायचं आणि बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून होकार द्यायचा. होकाराला माणसं लागतात. पाडव्याच्या आदल्या तिनीसांजेला आम्ही दोघंच होतो. मी बाकावर अकरा बाटल्या मांडल्या, नारळ ठेवला, कंदील लावला, हात जोडले.

"बा म्हाराजा! ह्या डॉक्टरान पस्तीस वर्सा गावाची सेवा केल्यान..."

"व्हय म्हाराजा," डॉक्टर एकटेच म्हणाले.

"आता तेका सुखान जावंदे रे म्हाराजा..."

 स्वतःच्या सुटकेला डॉक्टर स्वतः काय होकार देणार? खाडीचं पाणीही वाजेनासं झालं. बाक करकरला, जणू कोणी सरकून दुसऱ्याला जागा दिली.

डॉक्टर बाकासमोर जाऊन उभे राहिले. थरथरता हात त्यांनी रिकाम्या जागेपुढे धरला.

"बघा! ह्या हातान तुमच्या नातवांक सुई मारू? बोला! मी जातलंय, तुमी हो म्हणा नायतर नको म्हणा!"

सुक्या बांगड्यांचा वास तेवढा दाटला. आणि मग माझी जीभ, जी कधीच माझ्या ताब्यात नसते, ती सुटली.

"डॉक्टराक सोडा रे म्हाराजा! तुमचा काय ता हेच्यापुढे मी बघतलंय!"

"व्हय म्हाराजा..."

लाट वाळूवरून मागे सरावी तसा आवाज. अनेक गळे, एक सूर. डॉक्टरांचे ओठ मिटलेले होते.

सकाळी कठड्यावर अकरा बाटल्या, धुतलेल्या, पालथ्या. डॉक्टर लहान मुलासारखे हसले आणि फोंडाघाटाच्या वाटेने कोल्हापूरला निघून गेले. मागे वळून बघितलं नाही. कसालवाल्याला मी त्याचा स्टेथास्कोप नेऊन दिला, समजूत घातली. तो आला आणि आजतागायत सुखाने बसतोय. बाहेर कोणी खोकत नाही.

डॉक्टरांना पोचवून परतलो, तर फळीवर बारावी बाटली होती. काठोकाठ भरलेली. पट्टीच्या खाचा तिरक्या, माझ्या वाकड्या कात्रीने पडतात तशाच. वर माझं नाव. अक्षर कोणाचं ते कळत नाही. त्या अकरांपैकी एकालाही लिहिता येत नव्हतं. पण पुढचं मी बघतो असा शब्द मी दिला होता, आणि तो त्यांनी धरून ठेवला होता.

रोज सकाळी ती एका खाचेने उतरते. पहिल्यांदा शेवटची खाच उरली त्या दिवशी मला धाप लागली, बाकावर टेकलो आणि दोनदा आखूड खोकलो. तिसरा, लांब, येऊ लागला. तो गिळला, उठलो, तांब्या घेतला आणि बाटली गळ्यापर्यंत भरली. धाप गेली! त्याला आज पाच वर्षं झाली. ते उतरवतात, मी भरतो. मी कंपाउंडर आहे, बाटली भरण्यात मला कोण हरवतो?

परवापासून मात्र एका रात्रीत दोन खाचा उतरतात. उतरू देत! आमच्या विहिरीला मे महिन्यातही पाणी असतं.