कुशाबाईची ओटी

ही गोष्ट ऐकीव नाही. वरवंडच्या मल्हारीच्या घरात घडली आहे. ज्यांच्यासमोर घडली ती माणसं आजही तिथंच राहतात. कुणाला पटो, न पटो.

गुरुवार होता. भर दुपार. मल्हारी कांद्याला पाणी देत होता आणि त्याचा फोन वाजला.

नंबर त्याच्या बायकोचा, कुशाबाईचाच होता. आवाज मात्र पुरुषाचा.

"मामा, ह्या फोनात तुमचा नंबर सगळ्यात वर हाय. दौंडात स्टँडापाशी बाई पडल्यात. मी रिक्षावाला हाय. दवाखान्यात आणलंय, तुम्ही या लगेच."

"बोलतीया का?"

पलीकडून नुसता दवाखान्यातला गलका ऐकू आला.

"आरं, बोलतीया का ती?"

"तुम्ही या, मामा."

मल्हारीला तेवढ्यावरून कळलं. पाणी तसंच वाहतं सोडून तो निघाला.

संध्याकाळी कुशाबाईचा देह घरी आणला. रिक्षावाल्याने तिची पिशवीही आणून दिली. तिच्यात हिरवा खण, हळकुंडं, सुपारी, खारीक आणि एक नारळ होता. ती पडली तेव्हा नारळ पिशवीतून घरंगळून डांबरावर घासला होता. त्याच्या एका बाजूला पांढरा ओरखडा उमटला होता.

ओटीचं सामान आणायलाच ती दौंडला गेली होती. शनिवारी सगळे मिळून कोल्हापूरला जाणार होते. दोन दिवसांची सहल. जुनी देवळं बघायची, रंकाळ्यावर हिंडायचं, आणि नवस फेडायचा.

नवस मल्हारीसाठी बोललेला होता.

मागल्या दिवाळीत मल्हारी पुण्याच्या दवाखान्यात आयसीयूत होता. डॉक्टरांनी त्याच्या मुलाला, स्वराजला, बाजूला घेऊन सांगितलं होतं की लांबची माणसं बोलावून घ्या. माणसं आली. आणि दुसऱ्या दिवशी मल्हारीने डोळे उघडले. महिन्याभरात तो रानात जायला लागला.

"कोल्हापूरच्या देवीला बोलले हुते," कुशाबाई एवढंच म्हणाली होती.

"कुठल्या देवीला? तिथं काय एक हाय का?"

"फेडल्यावर सांगीन. आधी सांगू नये."

"मला सांगितलं म्हणून काय हुतंय?"

"तुमच्या पोटात काय ऱ्हातंय का? चावडीवर जाऊन बोलाल."

तो हसला होता. पुन्हा विचारलं नाही.

कुशाबाई गेल्याला सव्वा महिना झाल्यावर मल्हारीनेच विषय काढला. नवस राहता कामा नये. त्या नवसावर आपण जिवंत आहोत, हे त्याच्या मनात बसलं होतं. रात्रीची झोप गेली होती. जेवता जेवता तो उठायचा, अंगणात फेऱ्या मारायचा, परत येऊन बसायचा.

एका संध्याकाळी तिघं ओसरीवर बसले. स्वराज कुरकुंभच्या कंपनीतून पहिली पाळी करून आला होता. मोबाईलवर बघून तो बेत सांगत होता.

"शनिवारी सकाळी निघू. चौफुल्यावरनं सुपा, मोरगाव, नीरा, मग साताऱ्याला हायवे. दुपारी अंबाबाई. दुसऱ्या दिवशी बाकीची देवळं. आन् जमलं तर खिद्रापूर. लई जुनं देऊळ हाय, सगळं दगडात कोरलेलं."

"आन् तांबडा-पांढरा कुठं बसवलाय?" त्याची बायको धनश्री म्हणाली. "तुमचं सगळं फिरून रश्श्यावर येतंय. आई म्हणायच्याच, देवाला चाललाय का जेवायला?"

मल्हारी हसला. सव्वा महिन्यात पहिल्यांदा.

आणि त्याच वेळी आतून…

सर्र… सर्र… सर्र…

कुणीतरी तांदूळ पाखडत होतं.

तिघांनीही ऐकलं. घरात चौथं कुणी नव्हतं.

मल्हारी उठून स्वयंपाकघरात गेला. आवाज थांबला. सूप नेहमीच्या खिळ्याला लटकत होतं.

पण ते हलत होतं…

"वारं असंल," स्वराज म्हणाला.

खिडकी बंद होती.

मग धनश्रीने हळूच सांगितलं, "आबा, कांदं खुरपताना आई मला बोलल्या हुत्या. आधी अंबाबाई, मग टेंबलाई, मग कात्यायनी, आन् शेवटी जोतिबाच्या डोंगरावर यमाई. ओटी एकीचीच भरायची, बाकीच्यांना हळदीकुंकू. पर ती एक कोण, त्ये न्हाई सांगितलं."

मल्हारीने विचार केला. "अंबाबाई थोरली. तिचीच भरू."

"नारळ नवा घेऊ का? ह्यो घासलाय."

"तिनं आणलाय. त्योच वाहायचा."

शनिवारी दुपारी ते कोल्हापुरात पोचले. महाद्वार रोडला लॉज घेतला, अंघोळी केल्या आणि देवळात गेले. गर्दी होती. दगडी खांबांमधून रांग हळूहळू सरकत होती. मल्हारी सारखा पिशवी चाचपत होता. धनश्रीने ओटी पुढे केली. पुजाऱ्याने ती घेतली आणि इतर ओट्यांच्या ढिगावर ठेवली. ओरखड्याचा नारळ मल्हारीला बाहेर पडेपर्यंत दिसत होता.

त्याला बरं वाटलं. परतताना त्याने नातेवाइकांसाठी गूळ घेतला. स्वराजशी चपलांच्या भावावरून वाद घातला.

लॉजवर आला, पाय धुतले, खाटेवर पडला. दिवस अजून मावळला नव्हता.

कोपऱ्यातून आवाज आला…

सर्र… सर्र…

लॉजच्या खोलीत सूप कुठलं?

तो उठून बसला. कोपऱ्यात खुर्ची होती. खुर्चीवर रिकामी पिशवी टाकलेली होती.

ती रिकामी नव्हती.

आत हिरवा खण घडी घालून ठेवलेला होता. खाली तांदूळ, हळकुंडं. आणि वर नारळ. ओरखडा वरच्या बाजूला.

"धनश्री!" तो ओरडला. "ओटी भरली न्हाईस व्हय गं तू?"

ती शेजारच्या खोलीतून धावत आली. पिशवीत बघितलं आणि मागं सरली.

"भरली की आबा! तुमच्यासमोर भरली. माझ्या लेकराची आन हाय."

तिला चौथा महिना चालू होता. ती रडायला लागली.

"पुजाऱ्यानं प्रसाद म्हणून दिला असंल परत," स्वराज म्हणाला. "गर्दीत ध्यानात आलं नसंल."

मल्हारीने मान डोलावली. पण त्याने नारळ ढिगावर बघितला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेंबलाईची टेकडी. अंबाबाईवर रुसून ही देवी तिच्याकडे पाठ करून बसली आहे, असं तिथले लोक सांगतात. मल्हारीला वाटलं, कुशीही अशीच रुसायची. हिलाच बोलली असेल.

या वेळी त्याने पिशवी गाडीतच ठेवली. ओटी धनश्रीच्या पदरात दिली. पुजाऱ्याला हात जोडून म्हणाला, "महाराज, यातलं काय बी परत देऊ नका. तांदळाचा दाणा बी नगो."

"तुमची इच्छा," पुजारी म्हणाला आणि ओटी आत नेली.

तिघं रिकाम्या हातांनी टेकडी उतरले. स्वराजने गाडीचं कुलूप काढलं. मल्हारी पुढं बसायला गेला, तर सीटवर पिशवी होती.

फुगलेली…

त्याने हात लावला नाही. स्वराजने उघडली आणि लगेच मिटली. चेहरा पांढरा पडला होता.

"आबा, घरी जाऊ या."

"न्हाई. हिचा बी नव्हता, एवढंच. कात्यायनीला चल."

कात्यायनीचं देऊळ गावाबाहेर आहे. झाडी आहे, शांत आहे. देवळात ओटी भरून झाल्यावर त्याने नारळ पुजाऱ्याकडून मागून घेतला.

"फोडतो मी."

दगडावर त्याने नारळ असा आपटला की पाणी अंगावर उडालं. दोन सरळ भकलं झाली. एक देवीपुढं ठेवलं. दुसऱ्याचे तुकडे करून त्याने आधी स्वराजच्या हातावर ठेवले, मग धनश्रीच्या. मग स्वतः खाल्ला. देवळात आलेल्या दोन बायकांनाही दिले. करवंटी बाहेर झाडाखाली टाकली.

"आता बघू कसा येतोय," तो म्हणाला.

"गोड निघाला," त्यातली एक बाई म्हणाली. "देवीनं घेतला म्हणायचं."

गाडीपर्यंत येताना धनश्री जवळजवळ पळत होती. दारापाशी ती थांबली.

"तुम्ही बघा. मी न्हाई बघायची."

आतून आवाज येत होता. बंद काचांच्या आतून…

सर्र… सर्र… सर्र…

मल्हारीने दार उघडलं. आवाज बंद.

पिशवीत नारळ होता. सबंध. शेंडीसकट. ओरखड्यासकट.

आणि त्याच नारळाचं खोबरं अजून तिघांच्या तोंडात होतं.

धनश्रीने रस्त्याच्या कडेला जाऊन उलटी केली.

"यमाई राहिली आबा," तिला पाणी देत स्वराज म्हणाला. "जोतिबाचा डोंगर हितनं लांब न्हाई. जायचं का?"

मल्हारीला त्या वेळी जावंसं वाटत होतं. पण पोरीची अवस्था बघून तो म्हणाला, "घराकडं घे. पुढच्या आठवड्यात येऊ."

दोन दिवसांनी शिक्रापूरहून कुशाबाईची थोरली बहीण आली, बानूबाई. मल्हारीने तिला सगळं सांगितलं. पिशवी दाखवली. ती पिशवीकडे बघत राहिली. डोळ्यांतून पाणी आलं, पण ती पुसेना.

"अक्का, तुला काय बोलली हुती का? कुठल्या देवीचा त्यो?"

"देवीचं न्हाई बोलली."

"मग?"

"तुम्ही दवाखान्यात आत हुता तवा ती बाहेर बाकड्यावर पदर पसरून बसलेली. मी म्हणलं, कुशे, काय मागतीस गं? तर म्हणली…"

बानूबाईने पिशवी बाजूला सारली.

"काय म्हणली?"

"म्हणली, अक्का, मागत न्हाई. देतीया."

मल्हारीला आधी अर्थच लागला नाही. लागला तेव्हा तो उठून उभा राहिला.

"पाव्हणं," बानूबाई हळू आवाजात म्हणाली, "तिघींनी बी परत दिलं. कदाचित घ्यायचं त्ये घेऊन झालंय. एकाच नवसाचं दोनदा कोण घेईल?"

"गप अक्का! मग ती खण-नारळ आणायला कशाला गेली? फेडायचाय म्हणून मला कशाला सांगितलं?"

बानूबाई उठली. त्या संध्याकाळी ती मुक्कामाला थांबली नाही.

आता मल्हारीची तब्येत चांगली आहे. रिपोर्ट सगळे नॉर्मल येतात. डॉक्टर त्याला म्हणतात, मामा, तुम्हाला दुसरा जन्म मिळालाय. तो रिपोर्ट घडी घालून खिशात ठेवतो.

आवाज अजून येतो. बहुतेक दिवसाउजेडी, घरात माणसं असताना. धनश्री बाळंतपणाला माहेरी गेली ती लवकर यायचं नाव काढत नाही. एकदा मल्हारी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून मोठ्यानं म्हणाला, "कुशे, यमाईचा हाय का? एवढं सांग."

आवाज थांबला…

बराच वेळ काहीच नाही.

मग पुन्हा सुरू झाला. सर्र… सर्र…

त्यातून हो समजायचं की नाही, हे त्याला कळलं नाही.

स्वराज दर सुट्टीला विचारतो, "आबा, या रविवारी जाऊन येऊ का?" कधी कांदा काढायचा असतो. कधी पाण्याची पाळी असते. मल्हारी काही ना काही सांगतो. यमाईनं ओटी ठेवून घेतली, तर नवस तिचा होता आणि तो फिटला. पण ती परत आली, तर बानूबाई म्हणाली ते खरं ठरेल. मग आपल्याला रोज उठून जगायचं आहे ते कुणाच्या जिवाच्या बदल्यात, हेही कळेल.

जोतिबाच्या डोंगरावर मल्हारी अजून गेलेला नाही. यमाईची ओटी भरायची राहिली आहे.