नोंद नसलेला चिखल

जीववाचक यंत्राचा अहवाल पडद्यावर उमटला, तेव्हा डॉ. यमुना पेडणेकर सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसल्या होत्या. काचपट्टीवरच्या थेंबात तेरा वलयांचा, केसाच्या जाडीपेक्षा थोडाच मोठा एक प्राणी वाळूचा कण चढत होता. तोंडाभोवतीचा काट्यांचा मुकुट तो बाहेर काढी, रोवी आणि अंग पुढे ओढून घेई. तो कारवणे खाडीच्या चिखलातून सकाळीच वर आला होता. अहवालही त्याच चिखलाचा होता.

'ज्ञात जाती : ११. अनोळखी वंश : ४३१२, दुर्लक्षित. निष्कर्ष : खाडी जैवदृष्ट्या नगण्य. भरावास हरकत नाही.'

यमुनाबाईंनी तो दोनदा वाचला. मग चष्मा काढून टेबलावर आपटला.

दुसऱ्याच दिवशी त्या डॉ. केदार वाघुळदेच्या कार्यालयात जाऊन उभ्या राहिल्या. केदार एकेकाळचा त्यांचा विद्यार्थी. जीववाचक त्यानेच घडवला होता, आणि आता खाडी बुजवून बंदर बांधू पाहणाऱ्या कंपनीचा तो मुख्य वैज्ञानिक होता.

"केदार, चार हजार तीनशे बारा वंश सापडले आणि तुझं यंत्र म्हणतं इथे काही नाही?"

"मॅडम, बसा ना. यंत्र काय करतं, तर चिखलात राहिलेल्या वंशखुणा, म्हणजे डीएनए, वाचतं आणि जीवसूचीशी, म्हणजे नाव दिलेल्या प्राण्यांच्या यादीशी, ताडून बघतं. जुळलं, तर प्राणी मोजला. नाही जुळलं, तर तो कोण हे आपल्याला माहीत नाही. जे माहीत नाही ते मोजायचं कसं? म्हणून परवान्याच्या नियमाचं चौथं कलम आहे : जीवसूचीत नोंद नसेल, तर अस्तित्व नाही असं मानावं. पन्नासच्या वर जाती भरल्या की जागा सजीव, नाहीतर भराव मोकळा."

"तळहाताएवढा चिखल उचल. त्यात दहा हजार प्राणी असतात. सूत्रकृमी, वल्हेपाय कवचधारी, पाणअस्वलं. सडलेलं खातात, चिखल पोखरून त्यात हवा खेळती ठेवतात. ते गेले तर वरचा मासासुद्धा जगणार नाही. आणि ते सूचीत का नाहीत, ते मी सांगू? नावं देणारी माणसं तुम्हीच संपवलीत! आमच्या संस्थेत वर्गीकरणाची सात पदं होती. मी निवृत्त झाले आणि शेवटचं पदही मोडीत निघालं. दुसऱ्या खाड्या तपासायला होडी द्या, म्हणून मी सात अर्ज केले. सातही वेळा उत्तर आलं, चिखलात पाहण्यासारखं काय आहे? मोजणाऱ्याचे हात तोडायचे आणि मग म्हणायचं, मोजदादच नाही!"

केदार खाली बघत म्हणाला, "हरकत घ्यायला नव्वद दिवस आहेत, मॅडम."

ते नव्वद दिवस यमुनाबाई चिखलात होत्या. ओहोटी लागली की पार्वती तारी त्यांना वाट दाखवी. पार्वती पन्नाशीची, आयुष्यभर त्या खाडीत तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, वेचणारी बाई. भराव पडला तर तिच्यासह साठ बायकांचं पोट बुडणार होतं. गुडघाभर चिखलात पाय कुठे रुतेल आणि कुठे तरेल, हे तिला नुसत्या रंगावरून कळे. अहवालात काय लिहिलंय ते ऐकून ती कमरेवर हात ठेवून उभीच राहिली.

"बाईनू, हेका मेलेलो चिखल म्हणतत? मेल्यांनी कधी पाय तरी घातल्यानी काय हेच्यात?"

यमुनाबाईंकडे या खाडीतल्या प्राण्यांची तीस वर्षांची चित्रं होती. प्रत्येक चित्रातला प्राणी पुन्हा जिवंत शोधायचा, त्याची वंशखूण वाचायची, वर्णन लिहायचं, नाव द्यायचं आणि सूचीत चढवायचं, असं काम चाललं. बोटं फुगली, पाठ धरली. अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी एकेचाळिसावी जात नोंदली गेली.

तट-परवाना मंडळापुढे सुनावणी झाली तेव्हा जीववाचक पुन्हा चालवला. ज्ञात जाती बावन्न.

कंपनीचा वकील मुळीच डगमगला नाही. "मान्य. खाडी सजीव आहे. पण हे क्षुद्र कृमी, महोदया, कुठल्याही चिखलात सापडतील. नियमाप्रमाणे आम्ही शेजारची एखादी खाडी राखून ठेवू, म्हणजे भरपाई झाली."

"कुठल्या खाडीत सापडतात?" यमुनाबाईंनी विचारलं.

"सगळीकडेच असणार."

"असणार नको. नोंद दाखवा."

अध्यक्षांनी जीववाचकाला आज्ञा दिली : या एकेचाळीस जाती इतरत्र शोध. पडद्यावर एकेचाळीस ओळी आल्या आणि प्रत्येकीपुढे तेच दोन शब्द : नोंद नाही.

केदार ताडकन उठला. "मॅडम, शेजारच्या खाडीत यातले निम्मे तरी असतील. तुम्हालाही ठाऊक आहे!"

"असतीलही. तिथल्या अनोळखी खुणांचं तुम्ही काय केलंत?"

केदारला उत्तर देणं भाग होतं. "जुळल्या नाहीत त्या पुसून टाकल्या. यंत्र तसंच बनवलंय."

"मग माझा इलाज नाही. चौथं कलम तुमचं आहे. नोंद नसेल, तर अस्तित्व नाही. म्हणजे कारवणे सोडून पृथ्वीवर हे प्राणी कुठेही नाहीत. आणि ज्याला एकच घर आहे, त्याच्या घराला हात लावता येत नाही, हे नववं कलम."

अध्यक्षा बराच वेळ कागद चाळत राहिल्या. शेवटी त्यांनी भराव रोखला.

पार्वतीने बाहेर येऊन यमुनाबाईंना मिठी मारली. पण बाईंच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. उभं आयुष्य खरं सांगितलं, ते कुणी ऐकलं नाही, आणि आज अर्धवट खोटं सांगितल्याबरोबर सरकार हललं, याची चीड त्यांना आतून जाळत होती.

कंपनीने मग जे केलं ते तीस वर्षांत कुणी केलं नव्हतं. चिखल चाळायला तिने पंधरा जणांची प्रयोगशाळा उभारली. किनाऱ्यावरची खाडी न् खाडी तपासा, ते एकेचाळीस दुसरीकडे दाखवा आणि कारवणे सोडवा, असा हुकूम होता. केदार प्रमुख. ज्यांना एका होडीसाठी झुलवलं होतं, त्या यमुनाबाईंनी पेपरात ती जाहिरात वाचली आणि पेपर चुरगाळून फेकला.

आठ महिन्यांनी केदार त्यांच्या दारात आला. दाढी वाढलेली, नखांत काळा चिखल.

"सहा सापडले, मॅडम. एकेचाळिसातले सहा."

"आणि?"

"ते शोधताना दोनशे तीस नवे निघाले. काम नियमाने करायचं म्हणून माझ्या माणसांनी सगळ्यांची नोंद केली. आता त्या दोनशे तिसांची नोंद फक्त त्या त्या खाडीत आहे. कंपनीच्या आणखी चार जागा बंद झाल्या. जितकं शोधतोय, तितकं अडकतोय." त्याने पिशवीतून कागद काढला. "कंपनीने मंडळाकडे अर्ज केलाय. एका जागी नोंद आहे म्हणून प्राणी दुसरीकडे नाहीच, असं धरणं अशास्त्रीय आहे. तज्ज्ञ म्हणून तुमची सही हवी. हे खरंच आहे ना, मॅडम?"

यमुनाबाईंनी अर्ज नीट वाचला. त्यातला शब्द न् शब्द खरा होता.

"खरं आहे. करते सही."

केदारचा चेहरा उजळला. बाईंनी पेन उघडलं, पण सहीच्या आधी स्वतःच्या अक्षरात आणखी चार ओळी लिहिल्या. त्याने वाकून वाचल्या : 'याच कारणाने, नाव माहीत नाही म्हणून प्राणी नाहीच, असे धरणेही अशास्त्रीय आहे. सबब चौथे कलम समूळ रद्द करावे आणि चिखलातला प्रत्येक अनोळखी वंश सजीव म्हणून मोजावा.'

"पण मॅडम, मग कारवण्यात बावन्नच्या जागी चार हजारांवर होतील. प्रत्येक खाडीत तसंच. किनाऱ्यावर निर्जीव अशी जागाच उरणार नाही!"

"नव्हतीच रे कधी," म्हणत यमुनाबाईंनी सही ठोकली आणि कागद त्याच्या हातात दिला.