आत माणूस एक

ही गोष्ट सांगण्याआधी रामराव तोंडातला खर्रा थुंकतात, चूळ भरतात आणि मग ओट्यावर बसलेल्या पोरांकडे पाहतात. "भ्याचं असन तं भ्या," म्हणतात, "पण मले भेव नाही वाटत. मले किळस येते. ललित माह्या वरच्या खोलीत भाड्यानं राहे. त्याच्याच तोंडून आयकली, म्हणून सांगतो."

तर, यंदाच्या महाशिवरात्रीची आदली रात्र. परतवाड्यातली निम्मी माणसं सालबर्डीच्या यात्रेला निघालेली. साडेनऊच्या सुमारास ललित मोटारसायकलवरून अमरावती रस्त्यावरच्या संत्र्याच्या कोठारावर पोचला. साहेबाने दिलेलं काम अगदी साधं होतं. यंत्राची जुनी आठवण पुसायची आणि घरी जाऊन झोपायचं. उद्या सुट्टी, परवा सरकारी तपासणी.

त्या कोठारात एका बंद खोलीत संत्री ठेवून नायट्रोजन भरत. ऑक्सिजन नसला की फळ महिनोन्‌महिने टिकतं. माणूस चार मिनिटंही टिकत नाही. म्हणून दाराशी एक पेटी बसवलेली, आणि पेटीत दोन संगणक, एक थोरला, एक धाकटा. खोलीत कोणी आहे का, एवढंच धाकटा पाहायचा. थोरला ते पडद्यावर दाखवायचा, आणि शून्य असेल तरच गॅसचं बटण चालू द्यायचा.

धाकटा अधूनमधून कोसळायचा. त्याला पुन्हा उभं करणारा ड्रायव्हर, म्हणजे थोरल्याच्या पार पोटातला प्रोग्राम, ललितने लिहिला होता. आणि नीट लिहिला होता. धाकटा पडला की मरताना त्याने काय पाहिलं ते जपून ठेवायचं, मग त्याची पाटी कोरी करून त्याला उठवायचं. तोवर पडद्यावर 'माहीत नाही', आणि गॅस बंद.

पण 'माहीत नाही' हे गिऱ्हाइकाला कधी आवडलंय? पेट्या बनवणाऱ्या कंपनीतला ललितचा साहेब कुंदन ऑफिसात पाय पसरून म्हणाला होता, "धाकटा उठस्तोर जुनाच आकडा दाखव ना बे. अर्ध्या मिन्टाचा तं खेळ हाये. कोन पाह्यते?"

आणि ललितने दाखवला. नोकरी नवी होती, तोंड उघडायची हिंमत झाली नाही.

संक्रांतीनंतरच्या एका संध्याकाळी धाकटा पडला, उठला, पुन्हा पडला. रात्रभर तेच. थोरला आपला जुनं शून्य दाखवत बसला. क्रेट रचणारा देवीदास विसरलेला दुपट्टा आणायला आत गेला होता. कोठाराच्या मालकाने पडद्यावर शून्य पाहिलं आणि बटण दाबलं.

कुंदनने लिहून दिलं, माणूस दारू पिऊन आत झोपला होता. देवीदासने जन्मात दारूला हात लावला नव्हता. त्याची बायको पार्बताबाई घसा कोरडा पडेपर्यंत तेच सांगत होती, पण ऐकतो कोण. आणि याहून घाण म्हणजे, त्या खोलीतली संत्री मालकाने तिसऱ्या दिवशी बाजारात विकली. एक क्रेट कुंदनने ललितला दिलं. "ने घरी. गोड हायेत." ललितने ते नाल्यात ओतलं आणि तिथेच भडाभडा ओकला.

तर त्या रात्री ललितने लॅपटॉप पेटीला जोडला. पुसण्याआधी धाकट्याच्या मरतानाच्या आठवणी एकदा उघडून पाहिल्या. प्रत्येक वेळी, कोसळण्याआधी, धाकट्याने एकच गोष्ट पाहिली होती.

आत माणूस: १.

धाकट्याला दिसत होता देवीदास. शून्य दाखवलं ते ललितच्या ड्रायव्हरने. ललितला स्वतःच्या बोटांची शिसारी आली. तरी त्याच बोटांनी त्याने सगळं पुसलं.

पाटी कोरी झाली. धाकटा उठला. पडद्यावर आलं...

आत माणूस: १.

ललितने काचेतून पाहिलं. खोली रिकामी. फिनाइलने धुतलेली. एक क्रेटसुद्धा नाही.

त्याने पुन्हा पुसलं. पुन्हा उठवलं. १.

खोलीतून येणारी वायर उपटून हातात घेतली. आता धाकट्याला काही दिसायचं कारणच नव्हतं.

१.

"कोन हाये आत?"



त्याने दार ओढलं. सडक्या संत्र्यांचा भपकारा आला. रिकाम्या खोलीतून. नाकाला रुमाल लावून त्याने टॉर्च फिरवला. एक पाय आत टाकला. मागे पेटीने टुक्‌ केलं. त्याने वळून पाहिलं.

२.

वायर त्याच्या हातातच होती...

आणि दार हळूहळू लागू लागलं.

ललित कसा बाहेर पडला ते त्याला आजही सांगता येत नाही. लॅपटॉप उचलून पळाला. रस्त्यावरच्या दिव्याखाली थांबून त्याने तो उघडला. दोनदा पुसलेली आठवण त्यात जशीच्या तशी परत आलेली. उजाडायच्या आत तो पार्बताबाईच्या दारात उभा होता. त्याने तिला सगळं सांगितलं, स्वतःचं नावही वगळलं नाही. तिने पाणीसुद्धा विचारलं नाही, आणि त्यात तिचं काही चुकलं नाही.

तपासणीत ललितने तेच सांगितलं आणि आठवण उघडून दाखवली. कागदावरचा दारूचा शब्द खोडला गेला. ललितची नोकरी गेली. कुंदन अजून म्हणतो की यंत्रच बिघडलं होतं.

मालकाने ती पेटी फेकली आणि दुसऱ्या कंपनीची कोरी पेटी बसवली. पहिल्यांदा सुरू केली तेव्हा पार्बताबाई मुद्दाम येऊन उभी राहिली. पडद्यावर आकडा आला: १. माणसं मागे सरली. ती पुढे गेली.

"मंग?" ती म्हणाली. "मी कवाची काय सांगून राहिली? कामावरच होते ते."

खोलीत मग कधी गॅस भरता आला नाही. कोठार बंद पडलं.

रामराव थांबतात. 

"तिथली लाइन कापून दोन महिने झाले. पेटीत ब्याटरी नाही. वरून पोतं टाकून ठेवलं हाये..." ते नवा खर्रा घोटू लागतात. "जा. उचलून पाहा पोतं. पडद्यावर एकच दिसते अजून."